नऊ ग्रह, दोन दिवस आणि अनवाणी आलेले सर

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर तुमची नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढून झालेली असणार, आणि माझ्या फोनवर निरोप यायला लागलेले असणार. 'दादा, दोन दिवसांत नवग्रह होतील ना? तिसऱ्या दिवशी तंजावर, चौथ्या दिवशी रामेश्वर. मुलांना समुद्रपण दाखवायचाय.' शेवटी एक वाक्य हमखास असतं: 'बाकी काही नाही हो, मनाला जरा शांतता पाहिजे.'

हे वाक्य वाचलं की मी फोन उलटा ठेवतो. शांतता पाहिजे म्हणणारी माणसं सगळ्यात जास्त भांडतात, हा माझा अनुभव आहे.

मी मूळचा विट्याकडचा. शिक्षण नववी, तीही पुरती नाही. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. असाच एक चुलता कुंभकोणमला होता, त्याच्याकडे मला धाडलं. ॲसिडचा धूर मला सोसला नाही. तीन वर्षांत खोकून बेजार झालो. पुढं चुलता दुकान उचलून आंध्रात गेला आणि मी इथंच राहिलो, कारण गावी जाऊन तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेव्हा एका लॉजच्या मालकांनी मला ठेवून घेतलं. त्यांना सगळे राव म्हणत. तंजावरच्या मराठी राजांबरोबर कधीकाळी इकडं आलेल्या घराण्यातले. घराबाहेर तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी अशी, की पुण्याच्या गिऱ्हाइकांना वाटे कुणी पोथी वाचतंय. राव आता नाहीत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मामी म्हणतो, अजून स्वयंपाकघरावर देखरेख ठेवून आहेत. आणि मी काउंटरवर आहे.

माझं काम काय, तर आलेल्या मराठी माणसांचं सगळं. खोली, गाडी, देवळांचा क्रम, कुठल्या देवळात काय करायचं ते मराठीत समजावणं, आजींसाठी कढीपत्ता न घातलेली खिचडी, आणि जावईबापूंचा राग. कुंभकोणमच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत, वेगवेगळ्या गावांत पसरलेली. एक पार पलीकडच्या टोकाला, दुसरं उलट दिशेला. सगळी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात, ती चारपर्यंत उघडत नाहीत. म्हणजे दोन दिवस म्हणजे दोन दिवस नव्हेतच. दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. हे मी फोनवर सांगतो, लिहून पाठवतो, काउंटरवर पुन्हा सांगतो. तरी बंद दारासमोर उभं राहून ठाण्याचे एक गृहस्थ मला म्हणालेच, "शनीला कसलं आलंय हो लंच टायमिंग?"

नाशिकच्या एका घरानं ज्योतिषाकडून ग्रहांचा क्रम लिहून आणला होता. त्या क्रमानं जायचं तर कावेरी तीनदा ओलांडावी लागत होती. ओलांडली. दुसऱ्या संध्याकाळी नवरा-बायको दोन वेगळ्या गाड्यांत बसले होते आणि दोघंही मला निरोप पाठवत होते, की 'त्यांना सांगा'. घरी भांडण झालं तर माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. गाडीत दुसरी खोली नसते, हे सुट्टी आखताना कुणाच्या लक्षात येत नाही.

एकदा एक सून देवळाच्या पायरीवरच झोपून गेली. कचेरीतून चारच दिवसांची रजा मिळालेली, त्यातले दोन प्रवासात गेले. मी कॉफी नेऊन दिली तर म्हणाली, "दादा, मला एकही ग्रह नको. फक्त दोन तास द्या." सासूबाई आतून हाका मारत होत्या. मी आत जाऊन त्यांना हात जोडून सांगितलं, की या देवळात सुनांनी बाहेरच्या झाडाखाली दोन तास गप्प बसायची पद्धत आहे, घराला बरं असतं. देव मला माफ करो. पुढच्या डिसेंबरात भलत्याच एका कुटुंबानं मला विचारलं, ते सुनांचं झाड कुठलं?

आता धंद्यातली एक युक्ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. नऊ देवळांत नऊ वेळा चप्पल काढायची, म्हणून लोक ती गाडीतच ठेवून उतरतात. निघताना मी डोकी मोजत नाही. डोकी हलतात. एक नारळ घ्यायला जातं, एक लघवीला, एक फोटो काढायला. मी चपला मोजायचो. गाडीत पायांशिवाय चप्पल उरली, तर तितकी माणसं बाहेर आहेत. सगळ्या चपला पायांत गेल्या की निघायचं. वर्षानुवर्षं ही युक्ती चुकली नाही. मला तिचा अभिमान होता. ड्रायव्हर लोकांनाही मीच शिकवली.

पण त्याआधी रावांचं सांगायला पाहिजे.

लॉजवरचा माझा पहिला डिसेंबर. वय एकोणीस. तमिळांचा मार्गळी महिना तेव्हा सुरू होतो. पहाटे देवळांच्या कर्ण्यांवरून गाणी, दारोदार रांगोळ्या, देवळात प्रसादाचा गरम पोंगल. सगळ्या गावाला घर होतं आणि मला खाट होती. मी उठेनासा झालो. जेवेनासा झालो. कामाला हाक मारली की उठायचो, काम करायचो, परत पडायचो. गावी आईला फोनवर सांगायचो, झकास आहे. शेजारच्या बायकांना वाटलं पोरानं मार्गळीचा उपास धरलाय. त्यांनी मामींकडे माझं कौतुक केलं. मलाही ते सोयीचं वाटलं. उपास म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.

आठव्या का नवव्या दिवशी राव खाटेजवळ येऊन बसले. म्हणाले, "अरे, उपास धरणाऱ्यास आपण कधीं जेवणार तें ठाऊक असतें. तुला ठाऊक आहे काय?"

मला ठाऊक नव्हतं. मी रडायला लागलो. दुसऱ्या दिवशी ते मला तंजावरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन वर्षं गोळ्या चालल्या. दर खेपेला राव बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसून राहायचे. मालक नोकरासाठी एवढं करत नसतो. आज मी चार माणसांत उभा राहतो तो त्यांच्यामुळं, आणि हे मी कुणालाही सांगतो, लाज वाटत नाही.

एवढं शिकवलेलं असूनही पाच वर्षांपूर्वी मी चुकलो. म्हणून तर चिडचिड होते. दुसऱ्यांवर करतो, पण खरी स्वतःवर आहे.

साताऱ्याकडचे खटावकर सर. निवृत्त शिक्षक. मुलगा अभिजित, मुलगी वृषाली, दोघांची कुटुंबं, एकूण नऊ माणसं, दोन गाड्या. बुकिंग अभिजितनं केलं. मला लिहिलं, 'आई मे महिन्यात गेली. बाबांना बदल हवाय. घरी आम्ही विषय काढत नाही, तुम्हीही काढू नका.' मी लिहिलं, बरं.

पहाटे पाचला सगळे लॉजच्या अंगणात जमले. सर अनवाणी आले. मी म्हटलं, "सर, चप्पल?" त्यांनी तोंड उघडायच्या आत वृषालीताई म्हणाल्या, "राहू द्या दादा, बाबांनी काहीतरी मनात धरलं असेल." वाटेत इडलीसाठी थांबलो. सरांनी ताटलीला हात लावला नाही. जावई म्हणाले, आज गुरुवार ना, उपास असेल. सर कुणाशी बोलत नव्हते. त्यालाही नाव मिळालं. वृषालीताईंनी मुलांना बजावलं, आजोबांचं मौन आहे, त्यांना त्रास द्यायचा नाही.

आणि मी काय केलं? मी मुलांना सांगितलं, आजोबांच्या पाया पडा, असे नेमाचे लोक आता राहिले नाहीत. तीर्थाच्या गावात हा मोठा घोळ आहे. घरी कुणी जेवलं नाही तर आपण घाबरतो. इथं हात जोडतो.

चंद्राचं देऊळ झालं. गुरूचं झालं, तिथं गुरुवारची तोबा गर्दी. राहूचं झालं, सूर्याचं झालं. शुक्राच्या कंजनूरला पोचलो तेव्हा घड्याळ पळत होतं, कारण मंगळाचं वैद्यनाथाचं देऊळ बंद व्हायच्या आत गाठायचं होतं. मुलं दर देवळाला गाड्या बदलत होती. मी धावत दोन्ही गाड्यांत वाकून बघितलं. एकही चप्पल शिल्लक नाही. "चला," म्हटलं.

वैद्यनाथाच्या दाराशी उतरल्यावर सरांच्या धाकट्या नातीनं विचारलं, "आजोबा कुठायत?"

या गाडीला वाटलं त्या गाडीत. त्या गाडीला वाटलं या गाडीत. आजोबा आपल्या गाडीत नाहीत हे नातीला वाटेतच कळलं होतं, पण ती म्हणाली, मौनात विचारायचं नसतं ना. सरांचा फोन वृषालीताईंच्या पर्समध्ये होता. सांत्वनाचे फोन येतात म्हणून त्यांनीच काढून घेतलेला.

अभिजित आणि मी एका गाडीनं उलटे निघालो. तासभराचा रस्ता. पहिली दहा मिनिटं तो माझ्यावर ओरडला. ते बरोबरच होतं. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "ते मला म्हणाले होते, मला कुठं नेऊ नका. मी म्हटलं, घरी बसून तरी काय करणार?" मग त्यानं विचारलं, "तिथनं नदी किती लांब आहे?"

ड्रायव्हर सेल्वम् याला मराठीचं अक्षर येत नाही. पण माझं तोंड आरशात बघून त्यानं न सांगता वेग वाढवला.

कंजनूरचं देऊळ बंद झालेलं. रस्ता रिकामा. मी आधी नदीच्या बाजूला पळालो. तेवढ्यात अभिजितनं हाक मारली. समोरच्या घराच्या ओट्यावर सर बसले होते. शेजारी एक बाई फुलं गुंफत होती. सर तिला मोगऱ्याच्या कळ्या दोन-दोनच्या जोडीनं उचलून देत होते आणि रडत होते. हुंदके नव्हते, नुसतं डोळ्यांतून वाहत होतं. ती कळ्या घेत होती आणि गुंफत होती.

तिनं मला पाहिलं आणि तमिळमध्ये धाकट्या भावासारखं झाडायला सुरुवात केली. "तंबी, तुम्हाला डोळे आहेत का नाहीत? म्हाताऱ्या माणसाला अनवाणी फिरवताय. तळवे बघ त्यांचे." बघितले. टाचेला फोड आलेले. मी विचारलं, अक्का, कधीपासून रडतायत? ती म्हणाली, "देऊळ बंद झाल्यापासून. रडू दे म्हटलं. ताक दिलं, ते प्यायले. तुमचं काय अडतंय?"

अभिजित पायरीवर बसला. "बाबा, असं कसं हरवलात?"

"हरवलो नाही रे," सर म्हणाले. "बसलो होतो. कुणी उठा म्हणालं नाही, म्हणून बसून राहिलो."

मी सकाळी विचारायला पाहिजे होतं ते आत्ता विचारलं. "सर, हे व्रत कधी सुटणार होतं?"

"कसलं व्रत? चप्पल घालायची राहून गेली. परवा आंघोळ राहिली होती." मग ते मुलाकडे वळून म्हणाले, "सात महिने झाले, शालिनीचं नाव घरात कुणी काढलं नाही."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, बाबा."

"त्रास होतोच आहे. एकट्याला होतोय."

अभिजितनं पुढ्यातल्या टोपलीतून दोन कळ्या उचलल्या आणि त्या बाईला दिल्या. तिनं त्या उलट्या धरल्यायत असं खुणेनं दाखवलं.

असं वाटेल की इथं सगळं नीट झालं. कुठलं. वृषालीताई आणि बाकीचे दुसऱ्या गाडीनं येऊन पोचले आणि दहा मिनिटांच्या रडारडीनंतर विषय निघाला, चार ग्रह राहिलेत त्यांचं काय? बुकिंग आहे. निदान शनी तरी. बाबांना गाडीतच बसू देऊ. भावंडं बाबांच्या देखत भांडायला लागली. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला भीत आलेला माणूस. कुणी तक्रार करील, नोकरी जाईल, मग नववी नापासाला कोण ठेवणार, हे माझ्या डोक्यात सदा चालू असतं. तरी मी म्हणालो, "गाड्या जाणार नाहीत. लॉजवर जातील." आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकलो.

लॉजवर आल्यावर अभिजितला बाजूला घेऊन तंजावरच्या डॉक्टरांचं सांगितलं. तो उसळला. "म्हणजे बाबांना वेड लागलंय असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी दोन वर्षं गोळ्या घेतल्यात," मी म्हटलं. "मी वेडा दिसतो का?"

त्यानं मला नीट बघितलं. "चिडलेले दिसता."

"तो मी आहेच."

तो हसला नाही, पण नंबर घेतला. दोन दिवसांनी बापलेक जाऊन आले. मीही गेलो आणि बाहेर बसलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि साताऱ्याला कुणाला दाखवत राहायचं ते लिहून दिलं. मधल्या वेळात मंडळी लॉजवरच होती. मुलं कंटाळली, जावयांनी अंगणात येरझाऱ्या घातल्या, मामींनी सरांना रसम-भात जबरदस्तीनं वाढला. वाढता वाढता मामींनी अगदी सहज विचारलं, "घरची बाई स्वयंपाकांत काय बरें करीत होती?" सगळे ताटावर थिजले. सर म्हणाले, सगळ्यात गूळ घालायची, अगदी मिरचीच्या ठेच्यातसुद्धा. नात म्हणाली, हो आणि आजी तो चोरून घालायची. मग अर्धा तास सगळे तिच्याविषयीच बोलत होते. वृषालीताई मध्येच उठून बाहेर गेल्या, डोळे पुसून परत आल्या. कुणी विषय बदलला नाही.

निघताना सरांनी माझे दोन्ही हात धरले. अभिजितनं हात जोडले. आणि आठवड्यानं इंटरनेटवर लॉजच्या नावाखाली त्यांच्या जावयांचा शेरा आला: एक तारा. 'नवग्रह सांगून पाचच दाखवले.' खोटं नाही. पाचच दाखवले होते.

तेव्हापासून मी चपला मोजत नाही. दर देवळाला नावानिशी हाका मारतो, त्यावरही तक्रारी येतात. कुणी जेवत नसेल, बोलत नसेल, तर जवळ जाऊन हळूच विचारतो, हे कधी सुटणार? व्रत असेल तर उत्तर लगेच येतं. सोमवारी, पौर्णिमेला, अकरा गुरुवार झाले की. उत्तर आलं नाही तर मी शेजारी बसतो. आणि आखणीत एक दुपार रिकामी ठेवतो. तिच्यावरून दरवर्षी वाद होतो. 'इथं काहीच कसं लिहिलं नाही?' काही करायचं नाही म्हणून लिहिलं नाही, असं सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. कुणी म्हणतं, त्यात तिरुक्करुगावूरचं देऊळ बसवा ना. मी बसवत नाही. काही जण त्या दुपारी झोपतात. काही जण खोलीत बसून रडतात, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवरून कळतं. काही जण नुसते मला शिव्या देतात. तेवढंही मोकळं होणं असतंच म्हणा.

सर दर डिसेंबरात फोन करतात. वेळ अशी निवडतात, की विचारू नका. गेल्या वर्षी बारा माणसांना घेऊन बुधाच्या देवळापाशी उभा होतो. देऊळ बंद व्हायला वीस मिनिटं. एक आजोबा पाण्याची बाटली शोधतायत, एक मुलगी रुसून बसलीय, तिची आई मला विचारतेय, अजून किती ग्रह राहिले. फोन वाजला. मी वैतागूनच उचलला. "सर, नंतर करू का?"

"चालेल," सर म्हणाले. "आज जरा वाईट दिवस आहे. अभिजितलाही सांगितलंय. तुलाही सांगावं म्हटलं, एवढंच."

मागं ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणीतरी म्हणालं, दादा, बुध बंद होईल. मी हातानं त्यांना आत जायची खूण केली आणि पारावर बसलो.

"बोला सर," म्हटलं. "मी बसलोय."

माझा बुध त्या दिवशी राहिला.